मला कुणी उघडलंच नव्हतं

मी एक जुना पितळी स्क्रू आहे. लांबीला तुमच्या करंगळीच्या दोन पेरांएवढा. माझ्या डोक्याला सहा कडा होत्या. होत्या म्हणतो, कारण आता त्यातली एकही धड राहिलेली नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की बहुधा सुस्कारे टाकतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला राग आलेला आहे. तो कशाचा आला आहे, ते ऐकून घ्या आणि मग तुम्हीच ठरवा.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लेथवर झाला. पितळेच्या लांब सळईतून मला कापून काढलं, अंगावर आटे पाडले, पोटात एक बारीक भोक पाडलं. मग मला तपासणीच्या टेबलावर नेलं. तिथे जाड चष्म्याची एक बाई बसत असे. ती प्रत्येक स्क्रू लोखंडी ठोकळ्यात घट्ट बसवायची, मागून हवेचा दाब द्यायची आणि ठोकळा पाण्याच्या घमेल्यात बुडवायची. एक जरी बुडबुडा आला तरी तो स्क्रू डाव्या हाताच्या डब्यात, म्हणजे परत वितळायला. माझ्या आधीचे दोघे डाव्या डब्यात गेले. माझ्या वेळी ती पाण्याकडे बराच वेळ बघत राहिली, आणि मग म्हणाली, "हा चांगला आहे." आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच. पण ते खोटं नव्हतं, कारण त्या बाईने बघून मग म्हटलं होतं. हे मी मुद्दाम सांगतो आहे. न बघता म्हणणारी माणसं मला पुढे भेटायची होती.

तिथून मी एका व्हॅनच्या इंजिनावर आलो. व्हॅन एका इस्पितळाची. ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत अशा माणसांना आठवड्यातून तीनदा घरून उचलायचं, टेकडीवरच्या इस्पितळात न्यायचं, आणि यंत्रावर त्यांचं रक्त शुद्ध झालं की घरी सोडायचं, हे तिचं काम. मला बसवलं ते इंजिनाच्या अगदी माथ्यावर, जिथून गरम पाण्याचा जाड पाईप बाहेर पडतो तिथे. उंचावरची जागा म्हणजे मानाची, असं तुम्हाला वाटेल. मान वगैरे काही नाही. मला उंचावर बसवलं ते हवेमुळे.

त्याचं असं आहे. इंजिन तापतं. ते थंड राहावं म्हणून त्याच्या अंगातून एक हिरवं पाणी सतत फिरत असतं. त्याला कूलंट म्हणतात. दोन-तीन वर्षांनी ते जुनं होतं, मग सगळं काढून नवं भरतात. तुम्ही रिकामी बाटली बादलीत बुडवली तर पाणी आत शिरताना हवा बुडबुड करत बाहेर येते ना? इंजिनातली हवाही तशीच बाहेर पडायला बघते. पण इंजिनातल्या वाटा वळणावळणाच्या. हवा चढते, अडते आणि सगळ्यात उंच कोपऱ्यात जाऊन दडून बसते. तिथे मी असतो. मला अर्धा फेरा सैल केलं की माझ्या पोटातल्या भोकातून ती निघून जाते. नाही केलं, तर ती तिथेच राहते. पाणी फिरवणाऱ्या पंपाला हवा ढकलता येत नाही. जिथे हवा तिथे पाणी नाही, आणि जिथे पाणी नाही तिथलं लोखंड तव्यासारखं तापतं. यात अवघड असं काही नाही. दहा नंबरचा पाना, अर्धा तास आणि थोडा धीर, एवढंच लागतं.

तो धीर व्हॅनच्या पहिल्या ड्रायव्हरकडे होता. रुग्ण त्यांना काका म्हणत. त्या काळी व्हॅन काकांच्या दारातच उभी असे आणि कूलंट ते स्वतः बदलत. उतारावर तोंड वर येईल अशी व्हॅन उभी करायची, नवं कूलंट बारीक धारेने ओतायचं, हीटर पूर्ण चालू करायचा, इंजिन सुरू करायचं आणि मला सैल करायचं. भर उन्हाळ्यातसुद्धा हीटर चालू. त्याशिवाय हीटरच्या पाईपातली हवा निघत नाही. आधी माझ्यातून नुसती फुस्स हवा यायची. मग फेस, मग थुंकल्यासारखे थेंब. काका फडकं धरून बसून राहायचे. गाडीत त्यांची सून बसलेली असे, इंजिनाचा वेग सांभाळायला.

"सूनबाई, जरा रेस दे. बस, बस. तेवढीच ठेव."

"मामंजी, झालं का? मी इथे शिजले."

"थुंकतोय अजून. त्याचं बोलणं संपू दे."

माझं थुंकणं संपून सुतासारखी सलग धार आली, की काका मला हलक्या हाताने बंद करायचे. कधीही जोर लावला नाही. मी पितळेचा आहे, माझ्याशी दांडगाई चालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

पुढे काकांच्या डोळ्यांना कमी दिसू लागलं. एकदा त्यांनी व्हॅन फाटकाला घासली, तशी त्याच संध्याकाळी किल्ली सुनेच्या हातात दिली आणि पुन्हा मागितली नाही. गाडी त्यांनीच तिला शिकवली होती. तिने परीक्षा दिली, परवाना काढला आणि इस्पितळात रीतसर नोकरीला लागली. रुग्ण तिला ड्रायव्हरताई म्हणू लागले. ही बाई व्हॅन चालवताना गाणी ऐकत नाही, इंजिन ऐकते. आमच्यामध्ये एक पत्रा तेवढा होता. ती पुटपुटली तरी मला ऐकू यायचं, आणि मी कुरकुरलो तरी तिला.

मग इस्पितळाने स्वतःचा वर्कशॉप काढला. सगळ्या गाड्या तिथेच उभ्या राहायच्या, तिथेच दुरुस्त व्हायच्या. चालकांनी बॉनेट उघडायचं नाही, असा नियम निघाला. व्हॅनच्या काचेवर तशी चिठ्ठीही चिकटवली. मला नियमांचं वावडं नाही. पण ज्या हातांना मी ओळखत होतो ते हात त्या दिवसापासून बंद झाले, आणि ज्यांच्या हाती गेलो त्यांना मी ओळखीचा नव्हतो.

वर्कशॉपच्या मुख्याला सगळे पाठीमागे घाईसाहेब म्हणत. हा गृहस्थ स्वतः कधी पाना धरायचा नाही. हातात तक्त्यावर लावलेले कागद घेऊन उंटावरून शेळ्या हाकायचा. त्याच्या हाताखाली एक मिस्त्री होता, पन्नाशीचा, कामाला वाईट नाही. पण दिवसाला अकरा गाड्या आणि माणूस एक. त्याला शिंकायलासुद्धा घाईसाहेबांची परवानगी लागावी, अशी तऱ्हा.

आमच्या व्हॅनचं कूलंट बदलायची वेळ आली. मिस्त्रीने जुनं कूलंट खाली सोडलं, नवं भरलं, आणि मला सैल करायला पाना शोधू लागला. दहाचा पाना दुसऱ्या कुणीतरी नेला होता. त्याने अकराचा लावला. तो माझ्या डोक्यावरून सटकला आणि माझ्या दोन कडा गेल्या. मग त्याने पकड घेतली. पकडीचे दात माझ्यात रुतले, घसरले, पुन्हा रुतले. मित्रांनो, मला यातना सांगायच्या नाहीत. पण सहा कडांचा जो मी त्या चष्मेवाल्या बाईच्या हातून सुटलो होतो, तो एका मिनिटात गोल खडा झालो. आणि हललो मात्र नाही. बसलो होतो तसाच घट्ट.

"साहेब, एअर काढायचा स्क्रू स्लिप झालाय," मिस्त्री म्हणाला. "थोडा वेळ लागेल. कानस मारून काढावा लागेल."

"किती वेळ?"

"अर्धा तास. पाऊण तास म्हणा."

"झाकण लाव आणि पुढची गाडी घे. गाडी चालली की हवा आपोआप जाते."

"आपोआप नाही जात साहेब या गाडीत."

"तुझ्या गाडीला फार नखरे आहेत. झाकण लाव."

मिस्त्रीने एकदा माझ्याकडे बघितलं. मग झाकण लावलं. घाईसाहेबांच्या तक्त्यावर आमच्या व्हॅनचा कागद होता. त्यावर कामांची यादी होती: कूलंट काढलं, कूलंट भरलं, गळती पाहिली, हवा काढली. त्याने चारही ओळींपुढे एका दमात खुणा केल्या. पेन उचललंसुद्धा नाही, चारही खुणा एकमेकींना जोडलेल्या होत्या. माझ्या अगदी नाकासमोर. मी तिथे होतो, हवा माझ्या खाली होती, आणि कागद म्हणत होता की हवा काढली.

राग येणार नाही तर काय येईल?

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी होती. ड्रायव्हरताईने रुग्णांना घेतलं आणि हीटर लावला. तिघे जण असायचे. निवृत्त मास्तर, जे कायम चालकाच्या मागच्या सीटवर बसत. एक विणकाम करणाऱ्या आजी. आणि एक पेंटर, ज्याच्या बुटांवर अजून रंगाचे शिंतोडे होते. हीटरमधून गार हवा आली. डॅशबोर्डच्या मागून गुळगुळ आवाज आला, कुणी घशात पाणी खेळवावं तसा.

"मास्तर, ऐकलंत?" ती म्हणाली.

"कधीपासून ऐकतोय. मला वाटलं माझंच पोट."

पेंटर हसला. ड्रायव्हरताई हसली नाही. हीटर गार आणि आवाज गुळगुळ, याचा अर्थ तिला उतारावर बसून, उन्हात शिजून शिकवला गेला होता. इस्पितळात पोहोचल्यावर ती व्हॅन घेऊन तडक वर्कशॉपच्या दारात गेली. मास्तर अजून व्हॅनमध्येच होते, त्यांची चाकाची खुर्ची यायची होती.

"साहेब, गाडीत हवा राहिली आहे. एअर काढून द्या."

"काढलीय. कागदावर आहे."

"कागदावर असेल. गाडीत हीटर गार आहे."

"हीटरवर गाडी चालते का, ताई?"

"काटा बघा तरी."

"काटा कुठे आहे? मध्यावर. मग झालं. तुम्ही चालवायचं बघा, आम्ही आमचं बघतो."

त्या काट्याबद्दल मला सांगू द्या, नाहीतर तुम्ही त्याच्यावरही खापर फोडाल. काटा खोटारडा नाही. उष्णता मोजणारं त्याचं बोट माझ्या शेजारीच पाण्यात बुडालेलं असतं. पण त्या दिवशी ते पाण्यात नव्हतंच, हवेत लोंबत होतं. पाण्याचं तापमान विचारलं तर ते सांगणार कसं? बिचारा मध्यावर उभा राहिला आणि सगळ्यांना वाटलं, सगळं ठीक आहे.

ती तरीही सगळं ठीक आहे असं मानायला तयार नव्हती. तिने दुसरी गाडी मागितली. दुसरी गाडी नव्हती. रुग्ण तर आणावेच लागणार. मधला एक दिवस गेला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा टेकडी चढू लागलो. ती हळू चालवत होती, काट्यावर नजर ठेवून. अर्ध्या चढावर माझ्या खालचं कोरडं लोखंड एवढं तापलं की त्याच्याभोवतालच्या पाण्याची उकळून वाफ झाली. ती वाफ काट्याच्या त्या बोटावर आदळली. मध्यावरचा काटा एका उडीत लाल पट्ट्याच्या पार गेला.

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, इस्पितळ समोर दिसतंय, दोन मिनिटांत पोहोचू. त्या दोन मिनिटांत इंजिनाचं हेड, म्हणजे माथ्यावरचा धातूचा ठोकळा, वाकलं असतं आणि गाडी मेली असती. तिने त्याच क्षणी व्हॅन कडेला घेतली, इंजिन बंद केलं, हातब्रेक ओढला आणि उतरून चाकामागे दगड लावला. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. पेंटर खाली उतरून फडकं घेऊन पुढे आला.

"झाकण उघडू का ताई? पाणी ओतू या."

"हात लावू नका. तोंड भाजेल तुमचं. मागे व्हा. आजी, तुम्ही पण त्या भिंतीकडे सावलीत बसा."

मास्तर मात्र उतरू शकले नाहीत. त्यांचे पाय सुजले होते. दोन दिवसांचं पाणी त्यांच्या अंगात साठलेलं होतं. मित्रांनो, निरोगी माणसाच्या शरीरातून जे सहज बाहेर जातं, ते त्यांच्या शरीरातून यंत्राशिवाय बाहेर जात नव्हतं. ते धाप लागून बोलत होते. ड्रायव्हरताईने इस्पितळात फोन लावला, पुन्हा लावला. वर्कशॉपने सांगितलं, गाडी नाही. शेवटी इस्पितळाच्याच चादरी घेऊन वर जाणारा एक ट्रक आला. ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. ट्रकवाल्याने आणि पेंटरने मास्तरांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं. पावणेदोन तास गेले होते. वर पोहोचेपर्यंत त्यांच्या छातीत पाणी झालं होतं. त्यांना त्या दिवशी घरी सोडलं नाही, अतिदक्षता विभागात ठेवलं.

आणि आता ऐका, खापर कुणाच्या डोक्यावर फुटलं ते.

व्हॅनसकट मला ओढून वर्कशॉपच्या आवारात आणलं. बॉनेट उघडं टाकलं आणि बाजूला पाटी लावली: भंगारात काढणे. घाईसाहेब एक टाईप केलेला कागद घेऊन आला. ड्रायव्हरताई तिचं सामान काढायला व्हॅनमध्ये बसली होती.

"सही करा इथे," तो म्हणाला.

तिने वाचलं. मोठ्याने वाचलं, म्हणून मलाही कळलं. त्यात लिहिलं होतं की चालकाने कूलंटची पातळी तपासली नाही, गाडी चढावर ताणली आणि त्यामुळे इंजिन तापलं. वाहन जुनं असून दुरुस्तीच्या पलीकडे आहे. चालकाला चूक मान्य आहे.

"बॉनेट उघडायचं नाही असा नियम तुम्हीच केलात," ती म्हणाली. "मग पातळी मी तपासायची कशी? काचेतून?"

"ते मला माहीत नाही. सही केली तर नुसती बदली होईल. धुलाई विभागात काम मिळेल. नाही केली तर इस्पितळाच्या मोठ्या बाई चौकशी लावतील आणि नोकरी जाईल."

"मग लावू दे चौकशी."

तिने कागद त्याच्या तक्त्यावर ठेवला आणि पिशवी घेऊन निघून गेली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते मी त्या दिवशी समोर बघितलं. मला जीभ असती तर, नाही, जीभही नको होती. माझ्याकडे नुसतं बघितलं असतं तरी पुरलं असतं. दहा माणसं त्या उघड्या बॉनेटजवळून गेली. एकही वाकला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी ती काकांना घेऊन आली. त्यांना आता जवळजवळ दिसत नव्हतं. फाटकावरच्या वॉचमनने जुन्या ओळखीने त्यांना आत सोडलं. "दहा मिनिटं हं काका," म्हणाला आणि पाठ फिरवून उभा राहिला. काकांनी सुनेचा खांदा सोडला आणि दोन्ही हातांनी इंजिन चाचपायला सुरुवात केली. पंपाचा पट्टा, पाईप, क्लिपा. मग त्यांचं बोट माझ्यावर आलं आणि थांबलं. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये त्यांनी मला धरून बघितलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "याला कडाच नाहीत."

"म्हणजे?"

"गोल झालाय. चुकीचा पाना लावला, मग पकडीने ओरबाडला. दात लागतायत बोटाला. पण आटे हललेले नाहीत. बुडाशी माती जशीच्या तशी आहे." त्यांनी नखाने ती माती खरवडून बघितली. "कुणी उघडलाच नाही हा. असा झालेला स्क्रू कुणाला उघडताही येणार नाही."

"पण कागदावर लिहिलंय, हवा काढली."

"मग त्यांना म्हणावं, काढून दाखवा."

इस्पितळाच्या प्रमुख डॉक्टरीण होत्या, त्यांनाच सगळे मोठ्या बाई म्हणत. चौकशीच्या दिवशी ड्रायव्हरताईने एकच मागणी केली: चौकशी खोलीत नको, गाडीजवळ घ्या. म्हणून सगळे आवारात आले. मोठ्या बाई, घाईसाहेब, मिस्त्री, आणि चाकाच्या खुर्चीत मास्तर. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. कालच ते अतिदक्षता विभागातून वॉर्डात आले होते आणि नर्सशी भांडून खाली उतरले होते.

घाईसाहेबाने कागद पुढे केला. चार खुणा. मोठ्या बाईंनी तो बघितला.

"यात तर सगळं झालेलं दिसतंय," त्या म्हणाल्या.

"बाई, शेवटच्या ओळीत हवा काढली असं आहे," ड्रायव्हरताई म्हणाली. "ती या स्क्रूतून काढतात. दुसरी वाट नाही. मिस्त्रींना सांगा, हा उघडून दाखवा. दहाचा पाना मी आणलाय."

तिने पाना मिस्त्रीच्या हातात दिला. त्याने तो माझ्यावर ठेवला. पाना गरगर फिरला, जसा गोट्यावर फिरावा. त्याने पुन्हा ठेवला नाही.

"काय झालं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

घाईसाहेब घाईने म्हणाला, "गाडी तापल्यामुळे खराब झाला असेल."

"पितळ तापून गोल होत नाही, साहेब," मिस्त्री म्हणाला. तो खाली बघत होता. "मीच केला गोल. त्या दिवशी. अकराचा पाना लावला. उघडला नाही. मी सांगितलं होतं की पाऊण तास लागेल." मग त्याने वर बघितलं. "पण झाकण मीच लावलं, बाई. ते कुणी माझा हात धरून लावलं नाही."

मोठ्या बाई कागदाकडे बघत होत्या. "मग ही खूण कुणाची?"

घाईसाहेबाने कागद परत घ्यायला हात पुढे केला. मास्तरांनी चाकाच्या खुर्चीतून हात वर केला, वर्गात मुलं करतात तसा.

"मी बोलू का? या बाईंनी आदल्याच फेरीला सांगितलं होतं. हीटर गार आहे, हवा काढून द्या, असे शब्द. मी गाडीतच होतो. यांनी म्हटलं, हीटरवर गाडी चालते का." त्यांना दम लागला. "माझ्या छातीत पाणी झालं, ते एका बाईचं ऐकायला यांना अर्धा तास नव्हता म्हणून. एवढंच मला सांगायचं होतं."

मित्रांनो, तुम्हाला वाटेल आता न्याय झाला, वाजतगाजत. न्याय झाला, पण वाजतगाजत काही नाही. सहीचा कागद फाडला गेला. ड्रायव्हरताईची नोकरी राहिली. घाईसाहेबाची दुसऱ्या कचेरीत बदली झाली, तिथे तो आता कशावर खुणा करतो ते मला माहीत नाही. तिची माफी कुणी मागितली नाही. मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "गैरसमज झाला." गैरसमज? एका बाईने दोनदा स्पष्ट शब्दांत सांगितलं, त्यात समजायला काय कठीण होतं? माझा राग अजून उतरलेला नाही तो या एका शब्दामुळे.

भंगाराची पाटी मात्र निघाली. इंजिन तपासलं तेव्हा हेड शाबूत निघालं, कारण तिने वेळेवर गाडी बंद केली होती. मला काढायचं काम मिस्त्रीनेच मागून घेतलं. त्याने माझ्या डोक्याच्या दोन बाजू कानशीने सपाट केल्या, बुडाशी तेल सोडून रात्रभर मुरू दिलं, आणि सकाळी हलक्या हाताने फिरवलं. मी निघालो. माझ्यामागून ती कोंडलेली हवा एक लांब उसासा टाकून बाहेर पडली. माझ्या जागी नवा स्क्रू बसला. व्हॅनचं तोंड उताराच्या वरच्या बाजूला केलं गेलं. ड्रायव्हरताई आत बसली, हीटर चालू करून. काका खुर्ची टाकून बाजूला बसले.

"थुंकतोय का?" त्यांनी विचारलं.

"फेस येतोय, काका," मिस्त्री म्हणाला.

"मग थांबा. सूनबाई, जरा रेस दे."

तो अर्धा तास कुणी घड्याळ बघितलं नाही. शेवटी सलग धार आली. हीटरमधून गरम वारा सुटला तसा ड्रायव्हरताईने त्याच्यासमोर हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मास्तर पुढच्या आठवड्यापासून पुन्हा तिच्या मागच्या सीटवर बसू लागले. आधीपेक्षा बारीक झाले आहेत, असं मिस्त्री कुणालातरी सांगत होता. पूर्वी घरचे दोन जिने धरून धरून चढायचे, आता एकही चढवत नाही. ते मात्र कुणालाच परत भरून देता आलं नाही.

मी आता मिस्त्रीच्या टेबलाच्या खणात असतो. वर्कशॉपमध्ये कुणी नवीन कामाला लागलं की तो मला बाहेर काढतो, त्याच्या हातावर ठेवतो आणि म्हणतो, "हे मी केलंय." पुढचं तो सगळं सांगतो, स्वतःला वगळत नाही. पूर्वी मला त्याचाही राग यायचा. आता येत नाही.

मला घासून चकचकीत करू नका, कपाटात मांडू नका. त्याने माझं काही भलं होणार नाही. गाडी दुरुस्त करणाऱ्या माझ्या मित्रांनो, माझ्या जागी जो नवा बसला आहे, त्याला योग्य पान्याने अर्धा फेरा फिरवा आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबा. जे तुम्ही केलं नाही, त्याच्यापुढे खूण करू नका. आणि जिचे हात रोज त्या गाडीवर असतात ती जर म्हणाली, की आवाज येतोय, तर कागद बाजूला ठेवा आणि आधी बॉनेट उघडा.